लाठीच्या आधी येणारा कागद

विकस व्हान डे मर्व्ह हा एका बड्या कंपनीचा अधिकारी. हातात क्लिपबोर्ड घेऊन तो जोहान्सबर्गच्या एका वस्तीत पत्र्याच्या झोपडीचं दार ठोठावतो. मागे बंदुकधारी शिपाई, वर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर. दार उघडणारा प्राणी परग्रहावरचा आहे. माणसं त्याच्या जातभाईंना तुच्छतेने ‘प्रॉन’ म्हणतात, म्हणजे कोळंबी. विकस त्याच्यापुढे घर खाली करण्याची नोटीस धरतो आणि सही मागतो. प्राणी वैतागून कागदावर फटका मारतो, कागदावर ओरखडा उमटतो. हा ओरखडा सही म्हणून चालेल, असं विकस खुशीत जाहीर करतो आणि पुढच्या दाराकडे वळतो.

‘डिस्ट्रिक्ट नाइन’ या २००९च्या चित्रपटातला हा प्रसंग. दिग्दर्शक नील ब्लोमकॅम्प, जन्म जोहान्सबर्ग, १९७९. निर्माता पीटर जॅक्सन. गोष्ट अशी की १९८२ साली एक प्रचंड अंतराळयान जोहान्सबर्गच्या डोक्यावर येऊन थांबतं. आतले प्राणी उपासमारीने खंगलेले असतात. त्यांना खाली आणून छावणीत ठेवतात, छावणीची झोपडपट्टी होते आणि शहराला ते नकोसे होतात. मग सरकार एका खासगी कंपनीला काम देतं: सगळ्यांना उचला आणि शहरापासून लांब नव्या छावणीत नेऊन टाका.

मी इतिहासाचा शिक्षक. कोकणातल्या महाविद्यालयात दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद शिकवायची वेळ आली की मी वर्गाला हा चित्रपट दाखवत असे. मुलांचं लक्ष साहजिकच शस्त्रांकडे आणि यानाकडे जाई. मी त्यांना क्लिपबोर्डकडे बघायला सांगत असे. परक्या माणसावर होणारा जुलूम लाठीपासून सुरू होत नाही, तो कागदापासून सुरू होतो. यादी, परवाना, नोटीस, सही-शिक्का. लाठी चालवणारा पोलीस त्यानंतर येतो आणि आपण फक्त कायद्याची अंमलबजावणी करतोय, असं त्याला मनापासून वाटत असतं. या चित्रपटाने हा क्रम अचूक पकडला आहे, कारण ज्या भूमीवर तो घडतो त्या भूमीने हा क्रम शंभर वर्षं सोसला आहे.

सुरुवात १९०४पासून करतो. जोहान्सबर्ग तेव्हा सोन्याच्या खाणींमुळे अचानक फुगलेलं शहर होतं. हिंदी लोकांना तिथे ठरवून दिलेल्या वस्तीतच राहावं लागे, गोरे तिला ‘कुली लोकेशन’ म्हणत. नगरपालिकेने ती जागा स्वतःच्या ताब्यात घेतली, पण रहिवाशांना दुसरी जागा दिली नाही. मालकीच्या घरात राहणारे लोक पालिकेचे भाडेकरू झाले. गर्दी वाढत गेली, साफसफाई थांबली. मार्च महिन्यात फुप्फुसाचा प्लेग आला. तो आधी एका सोन्याच्या खाणीत उद्भवला होता, पण बोट दाखवलं गेलं ते वस्तीकडे. महाराष्ट्राला हे सांगायला नको. १८९७ साली पुण्यात रँडच्या सोजिरांनी घरात शिरून काय केलं, ते आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. प्लेगची तीच साथ समुद्र ओलांडून पुढे गेली होती आणि रोग हटवण्याच्या नावाखाली माणसं हटवण्याची तीच रीत तिच्यासोबत गेली.

मोहनदास गांधी तेव्हा जोहान्सबर्गला वकिली करत होते. त्यांनी एका रिकाम्या गोदामात रुग्णांची शुश्रूषा केली. वस्ती रिकामी करायचं ठरलं तेव्हा एक वेगळीच अडचण उभी राहिली. या लोकांचा बँकेशी संबंध नव्हता, आयुष्यभराची कमाई त्यांनी घरातल्या जमिनीत पुरून ठेवली होती. ती खणून काढून त्यांनी गांधींच्या हवाली केली. तांब्याचांदीच्या नाण्यांचे ढीग जमले. गांधींनी आत्मकथेत हा आकडा जवळपास साठ हजार पौंड दिला आहे. बँकेने पैसे घेतले, पण नाणी आधी जंतुनाशकाने धुवायची या अटीवर. मग खास गाडीने लोकांना क्लिपस्प्रूट नावाच्या शेतजमिनीवर तंबूंमध्ये नेलं आणि मागे राहिलेली वस्ती पेटवून दिली.

क्लिपस्प्रूट ही शहराच्या सांडपाण्याच्या शेतीलगतची जागा. हिंदी लोक हळूहळू शहरात परतले, पण त्यांच्याबरोबर नेलेल्या आफ्रिकी लोकांना तिथेच ठेवलं गेलं. पुढे त्या जागेभोवती एकेक वसाहत वाढत गेली आणि त्या सगळ्यांची मिळून सोवेटो झाली. म्हणजे आज जगाला ठाऊक असलेल्या सोवेटोच्या मुळाशी एक हिंदी वस्ती जाळल्याची राख आहे. ‘डिस्ट्रिक्ट नाइन’चं चित्रीकरण याच सोवेटोतल्या चियावेलो भागात झालं. चित्रपटात विकस एका झोपडीत परग्रहवासीयांची अंडी शोधतो आणि ज्वालाफेकी यंत्राने ती झोपडी पेटवायला लावतो. आतून फटफट आवाज येतात. त्यांची तुलना तो पॉपकॉर्नशी करतो आणि हसतो. हे दृश्य पाहताना मला प्रत्येक वेळी १९०४ आठवतं. ती आग लावणाऱ्यांनाही आपण शहर स्वच्छ करतोय असंच वाटत होतं.

केपटाऊनमध्ये हेच तीन वर्षं आधी घडलं होतं. १९०१च्या प्लेगमध्ये तिथल्या आफ्रिकी रहिवाशांना सैनिकांच्या पहाऱ्यात शहराबाहेर हलवलं, त्या जागेचं नाव पुढे न्दाबेनी पडलं. ज्या भागातून त्यांतले बरेच जण उचलले गेले त्याचं नाव डिस्ट्रिक्ट सिक्स. १८६७ साली शहराचा सहावा पालिका विभाग म्हणून त्याला हे नाव मिळालं होतं. चित्रपटाचं शीर्षक याच नावावरून सुचलं आहे. टेबल माउंटनच्या पायथ्याशी, बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर वसलेला हा भाग. मुक्त झालेले गुलाम, गोदी कामगार, शिंपी, मलायी मुसलमान, पूर्व युरोपातून आलेले ज्यू आणि हिंदी दुकानदार असे सगळे तिथे एका गल्लीत नांदत. हॅनोव्हर स्ट्रीट ही त्यांची मुख्य बाजारपेठ.

या केपटाऊनशी आमच्या कोकणाचं नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान तिथे जात राहिले. कुणी दुकानात नोकर, कुणी फेरीवाला, कुणी हमाल. बहुतेक पुरुष एकटेच जात, बायकामुलं गावी. त्यांना अडवण्यासाठी केपच्या सरकारने १९०२ साली कायदा केला की नव्याने येणाऱ्याला युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे. १९०६च्या कायद्याने आणखी एक गाठ मारली. आधीपासून राहणाऱ्याला गावी जाऊन परत यायचं असेल, तर निघण्यापूर्वी परवाना काढायचा. परवान्याला मुदत असे. घरी कुणी आजारी पडलं, बोट चुकली, मुदत टळली, की केपचं दार कायमचं बंद.

माझ्या एका विद्यार्थ्याने घरातल्या ट्रंकेतून असा एक परवाना काढून आणला होता. पणजोबांचा. घडीवर विरलेला, कडा तपकिरी पडलेल्या. कोपऱ्यात फोटो: फेट्यातला तरुण, नजर थेट कॅमेऱ्यात. खाली बोटांचे काळे ठसे. मग छापील रकाने आणि त्यांत कारकुनाच्या तिरक्या अक्षरात भरलेला मजकूर: उंची, अंदाजे वय, चेहऱ्यावरचा व्रण. नावाचं स्पेलिंग असं केलेलं की घरच्यांनाही ते ओळखता आलं नव्हतं. एक अख्खा माणूस त्या रकान्यांत कोंबला होता आणि त्याने स्वतः लिहिलेलं त्या कागदावर एक अक्षरही नव्हतं. चित्रपटात परग्रहवासी नायकाचं नाव आहे क्रिस्टोफर जॉन्सन. हे नाव त्याच्या आईबापांनी ठेवलेलं असणं शक्य नाही. कुठल्या तरी नोंदणीच्या टेबलावर ते त्याला चिकटवलेलं आहे. तो परवाना हातात घेतल्यावर मुलांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

जोहान्सबर्ग ज्या ट्रान्सवाल वसाहतीत होतं तिथे तर १९०६ साली आठ वर्षांवरच्या प्रत्येक आशियाई माणसाने बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी आणि पोलीस मागेल तेव्हा दाखला दाखवावा, असा वटहुकूम आला. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये लोकांनी तो न पाळण्याची शपथ घेतली. १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीसमोर त्यांनी दोन हजारांवर दाखले कढईत घालून जाळले. सत्याग्रहाचा जन्म कागदाविरुद्धच्या लढ्यात झाला, हे आपण फारसं ध्यानात घेत नाही.

१९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले तिथे गेले. जोहान्सबर्गमध्ये कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय हिंदूही होते. तेव्हा तुम्ही मराठीत बोला, मी हिंदुस्तानीत भाषांतर करतो, असं गांधींनी सुचवलं. तुम्ही मराठी कुठे शिकलात, म्हणून गोखले खूप हसले, पण बोलले मराठीतच, आणि पुढे झांजिबारपर्यंत तो क्रम चालला. परमुलखात ठशांनी आणि आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या लोकांसमोर देशाचा एक पुढारी त्यांच्या घरच्या भाषेत उभा राहिला, याचं मोल मला फार वाटतं.

१९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि या सगळ्या फुटकळ कागदांची एक यंत्रणा झाली. १९५०च्या ग्रुप एरियाज कायद्याने कोणत्या वर्णाने कुठे राहायचं ते नकाशावर रंगवलं. ९ फेब्रुवारी १९५५ रोजी जोहान्सबर्गच्या सोफियाटाउनमध्ये पहाटे दोन हजार सशस्त्र पोलीस उतरले. जाहीर केलेल्या तारखेच्या आधीच उतरले, कारण प्रतिकाराची तयारी होऊ द्यायची नव्हती. सामान ट्रकमध्ये, माणसं सामानावर, आणि ट्रक सोवेटोकडे. रिकाम्या जागेवर गोऱ्यांची वसाहत झाली, तिचं नाव ठेवलं ट्रायोम्फ, म्हणजे विजय. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स गोऱ्यांचा विभाग जाहीर झाला. १९६८पासून पाडापाडी सुरू झाली. १९८२पर्यंत साठ हजारांहून अधिक लोकांना केप फ्लॅट्सच्या रेताड माळावर नेऊन टाकलं होतं. प्रार्थनास्थळं तेवढी राहिली, म्यूर स्ट्रीटवरची मशीद आजही उभी आहे. चित्रपटातलं यान १९८२ सालीच जोहान्सबर्गवर येऊन थांबतं.

आता पोलीस. पासबुक नावाचं ओळखपत्र जवळ नसलेल्या काळ्या माणसाला रस्त्यात धरून कोठडीत टाकणं हे दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांचं रोजचं काम होतं. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलमध्ये लोक पासबुक घरी ठेवून पोलीस ठाण्यासमोर जमले आणि आम्हाला अटक करा म्हणाले. पोलिसांनी गोळीबार केला. ६९ जण मेले, कित्येकांना पाठीत गोळ्या लागल्या होत्या. ऐंशीच्या दशकात वस्त्यांमधून कास्पिर नावाची उंच चिलखती गाडी फिरू लागली. मूळची ती सुरुंगांपासून बचावासाठी बनवलेली युद्धाची गाडी. ती शाळकरी पोरांच्या गल्लीत आणली गेली. १५ ऑक्टोबर १९८५ रोजी केपटाऊनच्या अ‍ॅथलोनमध्ये पोलीस एका ट्रकवर लाकडी खोक्यांच्या आड लपून बसले. ट्रकवर दगड पडताच उठून त्यांनी गोळ्या झाडल्या. तिघे ठार झाले, सर्वांत लहान मुलगा ११ वर्षांचा. ‘डिस्ट्रिक्ट नाइन’मध्ये कंपनीचे शिपाई वस्तीत शिरतात ते याच कास्पिरमधून. दक्षिण आफ्रिकेच्या प्रेक्षकाला त्या गाडीचा आकार दिसला की पुरे, बाकीचं त्याला ठाऊक असतं.

चित्रपट वर्णभेदाच्या काळावरच थांबला असता, तर तो स्मारक ठरला असता. त्याची धार यात आहे की तो १९९४नंतरच्या स्वतंत्र दक्षिण आफ्रिकेकडेही बघतो. वर्णभेदाचे कायदे गेले, पण परका हुडकण्याची सवय गेली नाही. फक्त परका बदलला. आता तो मोझांबिक, झिम्बाब्वे, नायजेरियातून पोटासाठी आलेला काळा माणूस झाला. २०००च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या दूरदर्शनने एक चित्रफीत दाखवली. १९९८ सालची. गोरे पोलीस तीन मोझांबिकी माणसांवर कुत्रे सोडतात, कुत्र्यांच्या सरावासाठी, आणि हसतात.

ब्लोमकॅम्पने आधी ‘अलाइव्ह इन जोबर्ग’ नावाचा लघुपट केला होता. त्यात रस्त्यावरची माणसं परग्रहवासीयांबद्दल बोलताना दिसतात: ते चोऱ्या करतात, आमच्या वाट्याचं खातात, त्यांना हाकला. या मुलाखती खऱ्या होत्या. लोकांना त्याने झिम्बाब्वे आणि नायजेरियातून आलेल्या स्थलांतरितांबद्दल विचारलं होतं. उत्तरं जशीच्या तशी ठेवली आणि माणसाच्या जागी प्राणी आणला. एक शब्दही बदलावा लागला नाही.

मग मे २००८ आला. ११ तारखेला जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत जमाव परदेशी लोकांच्या घरांवर चालून गेला आणि आग देशभर पसरली. ६२ माणसं मेली, हजारो बेघर झाली. जमाव माणसाला थांबवून कोपराला झुलू भाषेत काय म्हणतात ते विचारत असे. उत्तर चुकलं की मार. मेलेल्यांपैकी २१ जण दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते. त्यांतले काही त्सोंगा किंवा व्हेंडा बोलणारे, म्हणजे भाषा आणि रंग जमावाला ‘परके’ वाटले म्हणून मारले गेलेले. चियावेलो ही वसाहत वर्णभेदी सरकारने मुळात याच दोन भाषकांसाठी आखली होती. त्याच वर्षी तिथे ‘डिस्ट्रिक्ट नाइन’चं चित्रीकरण झालं. पडद्यावरच्या झोपड्या खऱ्या होत्या. तिथल्या रहिवाशांना सरकारी घरांत हलवण्याचं काम सुरू होतं आणि रिकाम्या झालेल्या झोपड्यांत कॅमेरा लागला होता.

चित्रपट आल्यानंतरचं वास्तव त्याहून सौम्य नव्हतं. १६ ऑगस्ट २०१२ रोजी मारिकाना येथे पोलिसांनी संपावरच्या ३४ खाणकामगारांना गोळ्या घातल्या. २०१३च्या फेब्रुवारीत डेव्हिटनमध्ये मोझांबिकच्या २७ वर्षांच्या टॅक्सीचालकाला पोलिसांनी गाडीच्या मागे हातकड्यांनी बांधून फरपटत नेलं. कोठडीत तो मेला. भोवतीच्या लोकांनी मोबाइलवर चित्रण केलं म्हणून खटला उभा राहिला आणि आठ पोलिसांना प्रत्येकी १५ वर्षांची शिक्षा झाली. एरवी ती वहीतली एक ओळ झाली असती.

या चित्रपटाचा एक दोष मात्र झाकून चालणार नाही. त्यातले नायजेरियन लोक सगळे गुंड, वेश्याव्यवसाय करणारे, परग्रहवासीयांचं मांस खाऊन शक्ती मिळते असं मानणारे दाखवले आहेत. टोळीच्या म्होरक्याचं नाव ओबेसांजो, म्हणजे नायजेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष ओबासांजो यांच्या नावाला अगदी लागून. नायजेरियाच्या माहितीमंत्री डोरा अकुन्यिली यांनी चित्रपटगृहांना खेळ थांबवायला सांगितलं आणि निर्मात्या कंपनीने माफी मागावी अशी मागणी केली. त्यांचा राग रास्त होता. जोहान्सबर्गच्या रस्त्यांत ज्यांना मार पडत होता, त्यांच्याचविषयीचा गैरसमज हा चित्रपट जगभर पसरवत होता. परग्रहावरच्या प्राण्याला त्याने पोटच्या पोरावर माया करणारा बाप बनवलं, आपल्याच खंडातल्या माणसाला साधा चेहराही दिला नाही. परद्वेषावर बोट ठेवणारी कलाकृतीही परद्वेषातून पूर्ण सुटत नाही, याचा हा पुरावा आहे. म्हणून मी वर्गात चित्रपट दाखवताना हा भाग कधी गाळला नाही.

तरीही चित्रपटाची मुख्य गोष्ट खरी आहे. क्रिस्टोफर नोटीस वाचतो आणि ती कायदेशीर नाही म्हणून सही नाकारतो. विकस लगेच त्याचा मुलगा काढून घेण्याची धमकी देतो. पुढे एका अपघाताने विकसचंच शरीर बदलू लागतं, त्याचा हात त्या प्राण्यांसारखा होतो. कालपर्यंत ज्या कंपनीसाठी तो दारोदार सह्या गोळा करत होता, तीच त्याला प्रयोगशाळेत बांधून घालते. त्याचं पद, नागरिकत्व, सासरचं वजन, काही कामाला येत नाही. तो कागदावर माणूस होता म्हणून माणूस होता. कागद फिरला आणि पोलीस त्याच्या मागे लागले. यादी करणाऱ्याला वाटतं, यादीत नेहमी दुसराच असणार. १९०६च्या ठशांपासून २००८च्या कोपराच्या प्रश्नापर्यंतचा इतिहास सांगतो की यादीची सीमा सरकत राहते आणि एक दिवस ती आपल्या उंबऱ्याशी येते.

डिस्ट्रिक्ट सिक्सच्या पाडापाडीत एका मुकादमाला रस्त्यांच्या नावाच्या पाट्या समुद्रात फेकायला सांगितलं होतं. त्याने त्या जपून ठेवल्या. १९९४ साली जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये संग्रहालय उघडलं तेव्हा त्या पाट्या तिथे टांगल्या गेल्या आणि जमिनीवर अंथरलेल्या नकाशावर जुन्या रहिवाशांनी आपापलं घर कुठे होतं ते लिहिलं. २००४च्या ११ फेब्रुवारीला नेल्सन मंडेलांच्या हातून पहिल्या दोन वृद्ध रहिवाशांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. बहुतेकांना अजून मिळालेल्या नाहीत. लोकांना हलवायला चौदा वर्षं पुरली, परत आणायला त्याहून जास्त वर्षं उलटून गेली आणि काम अपुरंच आहे.

म्हणून वाचकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. ‘डिस्ट्रिक्ट नाइन’ जरूर पाहा, मुलांना दाखवा, त्याच्या दोषासकट दाखवा. आणि आपल्या गावात, आपल्या शहरात कुणाच्या तरी दारावर असा क्लिपबोर्ड पोहोचला, तर पोलीस येण्याची वाट पाहू नका. कागद वाचा, तो कुणासाठी आहे ते विचारा, आणि चूक असेल तर त्याच वेळी बोला. लाठी उठल्यावर बोलायला फार उशीर झालेला असतो.